साहेबांचे प्रश्न

कोटाच्या आत आणखी एक खिसा हवा होता. डाव्या बाजूला, काखेखाली, आणि बाहेरून दिसता कामा नये, असं साहेबांनी सांगितलं.

ताईने कोट टेबलावर पसरला. या गल्लीत कपडे दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून तिला सगळे ताईच म्हणत. किती मोठा खिसा, असं तिने विचारलं. साहेबांनी तळहात दाखवला, मग म्हणाले, जरा ऐसपैस असू द्या. आत काय ठेवणार, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

साहेब मायदेशाच्या दूतावासातले होते. अकरा वर्षं दोन देशांत बोलणंचालणं बंद होतं. गेल्या महिन्यात मैत्रीचा करार झाला, दूतावासाचं कुलूप निघालं, हमरस्त्यावर दोन्ही झेंडे शेजारी शेजारी लागले. इथे स्थायिक झालेल्या मंडळींना आनंदाचं भरतं आलं होतं. त्यांच्या मंडळाचे अध्यक्षकाका तर भेटेल त्याला ऐकवत, की या मैत्रीचा पूल म्हणजे आपणच.

पुलावरून सगळेच चालतात, ताईच्या मनात येई. नऊ वर्षांपूर्वी ती आणि नवरा दोन वर्षांच्या मुलीला घेऊन तिकडून पळून आले होते. थोरला भाऊ मागेच राहिला होता. दोन सरकारांचं गूळपीठ जमलं, आता पळून आलेल्यांना परत पाठवणार, अशी कुजबुज होती.

"तुम्ही कुठल्या वाटेनं आलात?" साहेबांनी सहज विचारलं.

"विमानानं," ती खोटं बोलली.

साहेबांनी मान हलवली. पटल्यासारखी नाही.

त्यानंतर ते येतच राहिले. कधी बाही आखूड करायला, कधी बटण लावायला. दर वेळी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही, हे पाहूनच आत येत. बोलणं साखरेत घोळलेलं, आणि जाताना एखादा प्रश्न. कागदपत्रं कोणत्या कचेरीत केली? वकील कोण होता? तिकडच्या त्रासाचा पुरावा काय दिला? मुलीला शाळेत लगेच घेतलं का? ते काहीच लिहून घेत नसत, याचीच तिला जास्त भीती वाटे. लिहून न घेणारा माणूस सगळं डोक्यात ठेवतो.

ताई उत्तरं टाळायची. नवरा म्हणाला, आपण तोंड उघडायचं नाही, येईल तसा जाईल. नवरा दिवसभर बस चालवायचा. दुकानात एकटी तीच असायची.

मग एका दुपारी साहेबांनी तोच कोट अस्तर शिवायला दिला, पैसे टेबलावर ठेवले आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही आल्यावर तिकडे मागे राहिलेल्यांना त्रास झाला का?"

तिला भावाचा चेहरा दिसला. पाचावर धारण बसली. साहेब गेल्यावर तिने दाराला आतून कडी घातली आणि शिवणयंत्रामागे जमिनीवर बसून राहिली. मुलगी शाळेतून येऊन दार ठोठावू लागली, तरी तिला चटकन उठता येईना.

संध्याकाळी ती अध्यक्षकाकांकडे गेली. काका आधी हसले. मग गंभीर झाले. मैत्री नवी आहे, म्हणाले, आणि असा एखादा अतिउत्साही अधिकारी तिला नख लावतो. दूतावासातल्या त्याच्या वरिष्ठांना हे आवडणार नाही. तू पत्र लिही, मी माझ्या हाताने पोचवतो. तुझं नाव घालू नकोस. फक्त तो काय काय विचारतो, ते सगळं लिही.

तिने स्वयंपाकघरात बसून लिहिलं. एकेक प्रश्न आठवून, वळणदार अक्षरात. नवऱ्याला सांगितलं नाही.

पत्र गेलं आणि साहेब यायचे थांबले. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी ताईने दुकानाचं दार उघडं टाकून काम केलं, गिऱ्हाइकाशी चार शब्द जास्त बोलली. उगाच घाबरले, असं तिला वाटलं. आपलंही कुणी ऐकतं, मैत्रीचा एवढा तरी उपयोग झाला.

दहाव्या दिवशी दुपारी दारासमोर काळी गाडी थांबली. पुढे दोन माणसं बसलेली होती, ती उतरली नाहीत. मागून साहेब उतरले. आत येऊन त्यांनी दार लोटलं. दाढी वाढली होती, डोळे सुजले होते.

ताईने हातातली कात्री घट्ट धरली. गाडीतली माणसं आपल्यालाच न्यायला आली, याबद्दल तिला शंका उरली नाही. मुलगी सुटायला अजून तासभर होता. तेवढ्यात तिला कोण निरोप देणार?

"घाबरू नका," साहेब म्हणाले. "कोट न्यायचाय म्हणून पाच मिनिटं मिळालीत. संध्याकाळच्या विमानानं मला परत नेतायत. बायकोला आणि मुलीला सकाळीच पाठवलं."

तिला काही कळेना. पण साहेब, कशासाठी, एवढंच ती पुटपुटली.

"आम्ही तिघं इथेच राहणार होतो. पळून." त्यांनी बाहेर नजर टाकली आणि आवाज आणखी उतरवला. "ते कसं जमवायचं, हेच तुम्हाला विचारत होतो. परवा वरिष्ठांनी माझे सगळे प्रश्न मलाच वाचून दाखवले. एकही चुकला नव्हता."

कात्री तिच्या हातातून टेबलावर पडली. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

साहेबांनी कोट खांद्यावर टाकला. "हे सांगायलाच आलो, ताई. तुम्ही कुणाजवळ बोलणाऱ्यातल्या नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणजे तुमच्या या दुकानातच त्यांचे कान आहेत. जपून राहा."