घरून उपचार

“मला दाखलच करून घ्या, डॉक्टर,” दिवाकरन म्हणाला. थरथर दिसू नये म्हणून त्याने दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले होते.

“नको,” त्याची बायको विलासिनी म्हणाली. “घरून होत असेल तर घरूनच करू.”

डॉक्टर ग्रेसींनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. केरळातल्या आलप्पुळ्याच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात बायका नवऱ्यांना ओढत आणायच्या आणि नवरे घरी जायचं म्हणून हटून बसायचे. इथे उलटंच चाललं होतं.

“हे बघा,” त्या म्हणाल्या. “दाखल झालात तर एकवीस दिवस. पहिला आठवडा वाईट असतो. कंप, घाम, झोप नाही, कुणाला फिट येते. तेव्हा आम्ही जवळ असतो. घरून केलंत तर पहिला आठवडा रोज येऊन दाखवायचं, पुढे आठवड्यातून एकदा. झोपायला आपला बिछाना, जेवायला घरचा भात. पण मग राखण घरच्यांनी करायची.”

“मी करीन.”

“तुला काय जातंय बोलायला,” दिवाकरन म्हणाला. “त्या घरातली संध्याकाळ मला काढायची असते.”

सिस्टर त्याला रक्त तपासायला घेऊन गेली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

“फिट, भास, असलं काही कधी झालं?”

“नाही.”

“मारहाण?”

“छे. मोठ्याने बोलतसुद्धा नाहीत. दारापुढच्या पाण्याशी उतरणाऱ्या पायऱ्या आहेत ना, तिथे ग्लास घेऊन बसतात. मुलाशी गप्पा मारतात.”

“मुलगा घरीच असतो?”

“जाणार कुठे?”

“वडिलांशी पटतं त्याचं?”

“ते प्यायलेले असले की पटतं. एरवी समोर येत नाही. माझ्याशी तर बोलतच नाही.” हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

“मी सहसा उलटं ऐकते,” डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं : घरी बायको, मुलगा. आधार चांगला.

दिवाकरन परत आला तेव्हा ठरून गेलं होतं. “तुमची घरची माणसं भक्कम आहेत,” डॉक्टर त्याला म्हणाल्या. “आठवड्याने एक गोळी सुरू करू. ती पोटात असताना दारू घेतलीत तर जिवावर बेतेल. बंद केली तरी दोन आठवडे अंगात राहते. विलासिनीचेची, रोज सकाळी तुमच्या हाताने द्यायची, मग तोंड उघडायला लावून बघायचं.”

“मी लहान आहे का?” दिवाकरन म्हणाला.

“चेट्टा, त्या सांगतात ते ऐका,” विलासिनी म्हणाली.

पहिला आठवडा तिने त्याला खरोखर तळहातावर झेलला. घामाने भिजलेली चादर दिवसातून तीनदा बदलायची, चमच्याने कांजी पाजायची, रोज सकाळी त्याला बोटीत बसवून दवाखान्यात न्यायची. आठव्या दिवशी गोळी सुरू झाली. त्याने ती गिळली आणि मुकाट्याने तोंड उघडून दाखवलं.

मग दिवाकरन भराभर सुधारला. हात स्थिर झाला. तीन वर्षं पडून राहिलेलं जाळं त्याने एका दुपारी विणून काढलं. उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि माशाचं कालवण दोनदा मागून खाल्लं.

“विलासिनी, नवीन नवरा कुठून आणलास गं?” शेजारच्या ओमनाने कुंपणावरून विचारलं.

“जुनाच धुऊन काढला.”

हसता हसता ओमनाच्या डोळ्यांत पाणी आलं. विलासिनीही हसली.

संध्याकाळी मात्र दिवाकरन पायऱ्यांकडे पाठ करून टीव्ही लावून बसे. विलासिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पूर्वीच्या संध्याकाळी आठवे. दुसरा ग्लास संपला की तो लेकाला हाक मारायचा, “मोने, बाळा, ये, बस.” मग शाळेतल्या गमती निघायच्या, होड्यांच्या शर्यती निघायच्या. रतीश बोलायचाच हळू. त्याचे शब्द तिच्यापर्यंत कधी पोचायचे नाहीत. बापाच्या हसण्यावरून ती ओळखायची, पोरगं काय म्हणालं असेल. तेवढ्यावर तिचा भात शिजायचा.

एके दिवशी तिला राहवलं नाही. “रतीशशी दोन शब्द बोला की.”

दिवाकरनचा चेहरा पडला. “त्याचं नाव काढू नकोस. म्हणूनच मी केंद्रात राहतो म्हणत होतो.”

त्यानंतरच्या गुरुवारपासून ती कॅलेंडरवर रेघा मारू लागली. दिवाकरनच्या ते लक्षात आलं.

“किती झाल्या?”

“नऊ.”

“मला सोडून त्याहून जास्त दिवस झाले की.”

“माझं मी मोजते,” ती म्हणाली.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर ग्रेसींनी विलासिनीचा हात हातात घेतला. “अशी राखण पाहिली नाही मी. दाखल केलं असतं तरी याहून बरं झालं नसतं.” दिवाकरनने पहिल्यांदाच बायकोकडे कौतुकाने पाहिलं. परतताना बोटीत तो तिला म्हणाला, “तुझंच बरोबर होतं.”

पंधरावी रेघ मारली त्या संध्याकाळी तिने टीव्ही बंद केला. त्याचा हात धरून त्याला पायऱ्यांवर नेऊन बसवलं आणि काठोकाठ भरलेला ग्लास समोर धरला.

“विलासिनी, मरेन मी.”

“नाही मरणार. पंधरा दिवस तुम्हाला कॅल्शियमची गोळी देतेय.”

“सुटलो होतो गं मी,” तो म्हणाला.

“माहीत आहे.” ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली. “पण अकरा वर्षं झाली रतीशला या पाण्यातून बाहेर काढून, चेट्टा. तुम्ही प्यायल्याशिवाय तो घरी येत नाही.”