दहा जणांचं पुस्तक

निवृत्त सुभेदार जगदाळ्यांनी चौथं पुस्तक टेबलावर आपटलं. "हा लेखक लढाईला जीपमधून गेला असणार. शंभर पानं झाली, अजून एकाच्याही बुटाला चिखल नाही."

शेजारच्या मृणालीची लष्करी अकादमीत निवड झाली होती. दहा जणांची तुकडी कशी हलवायची, हे कुठल्या पुस्तकातून शिकू, एवढंच तिनं विचारलं होतं. जगदाळ्यांनी तिची पिशवीभर पुस्तकं निकालात काढली. एकात नकाशावरचे नुसते बाण, दुसऱ्यात नुसती देशभक्ती. तिसरं जाडजूड, चकचकीत. "हे पाट म्हणून चालेल."

"मग ही वही बघता का, काका? पप्पांच्या ट्रंकेत सापडली."

तिचे वडील जगदाळ्यांच्याच हाताखाली होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. "तुझ्या बापाला सुट्टीचा अर्जसुद्धा मी लिहून द्यायचो," म्हणत त्यांनी चष्मा लावला.

पेन्सिलनं एक ओढा काढलेला, खाली चार ओळी. 'गस्तीवर गेलो त्याच वाटेनं परतलो. कमांडर दमले होते, लांबचा फेरा नको म्हणाले. शत्रू दबा धरून बसला होता. सावंत गेला.'

जगदाळ्यांनी ते दोनदा वाचलं आणि वही तिच्याकडे सरकवली.

"हे वाच. बाकीची रद्दीत घाल."

"पण यात कमांडरचं नावच नाही."

"तुझ्या बापानं मुद्दाम गाळलं असणार." त्यांनी पेन्सिल पुढे केली. "लिही. जगदाळे."