गोदाच्या दारातला लिलाव

भातलावणीत गोदाची सासू गायची, ‘शेजारणीच्या घराचं मोल करू नये बाई, रित्या उंबऱ्याशी गं दिवा लावाया कुनी न्हाई.’

आज थकलेल्या घरपट्टीसाठी पालिकेचे साहेब गोदाच्याच घराचा लिलाव पुकारायला अंगणात उभे होते. कालच गावदेवीच्या देवळात सगळ्या गावाने शपथ घेतलेली, कुणी पालिकेला पट्टीचा पैसा भरायचा नाही, कुणी बोली लावायची नाही. बोलीच आली नाही तर लिलाव फसेल आणि विधवेचं घर राहील.

“अजूनही कोणी पट्टी भरत असेल तर थांबवतो,” साहेब म्हणाले. “नाहीतर बोली बोला.”

सगळे गप्प.

“वरडा सायेब, घसा बसंपर्यंत वरडा!” मागून एक म्हातारी म्हणाली. लोक हसले. कितीतरी दिवसांनी गोदाही पदराआड हसली.

साहेबांनी तिसऱ्यांदा पुकारलं आणि मग मान खाली घालून वाचलं, “एकही बोली न आल्याने हे घर नाममात्र एक रुपयात पालिकेच्या नावे करण्यात येत आहे.”

“म्हंजे?” गोदाने विचारलं.

“कुणीच घेतलं नाही मावशी, की ते आमचं होतं.”

शिपायाने दाराला कुलूप घातलं. तेव्हा धाकटा दीर काळुराम गर्दीतून पुढे आला आणि शर्टाच्या आत दडवलेली पिशवी त्याने तिच्या पायाशी ठेवली.

“वयनी, सगळी पट्टी भरायला टेम्पो विकून आलेलो मी. गाव गप्प होता, म्हणून मी पन गप्प राह्यलो.”