मधल्या आकाराची गाडी
आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी व्हर्लिन स्वतःच नेब्रास्काच्या माळावरून चाळीस मैल पिकअप हाकत जायचा. परतताना हातपाय गळून जायचे, पण ते धूड बायको आयडेलाच्या आटोक्यातलं नव्हतं. तिला बॉनेटपलीकडचा रस्ताच दिसत नसे. एकदा डुलकी लागून तो कुंपणात घुसला, आणि दुसऱ्याच दिवशी मोठी गाडी बदल्यात देऊन मधल्या आकाराची पिकअप घेऊन आला. शेजारच्या ड्वेननं फाटकातच टोमणा मारला, "हे खेळणं गुरांची ट्रॉली ओढेल का रे?" "गुरं विकतोय, ड्वेन." हे तो पहिल्यांदाच उघडपणे बोलला. ड्वेननं वाकून टायर दाबून पाहिला. गुरुवारी डायलिसिस उरकून व्हर्लिन बाहेर आला, तेव्हा आयडेला आधीच स्टिअरिंगमागे बसली होती. "वळणावर सावकाश घे. आणि ब्रेक जरा..." "कळतं मला. पट्टा लाव तू." त्यानं पट्टा लावला. पहिला सिग्नल येण्याआधीच त्याला गाढ झोप लागली होती.