कुराबे गुरुजींचं पुढे काय झालं

"मामाजी, फोन आला." भूमेश्वरीने मोबाईल सासऱ्याच्या हातात दिला, स्पीकर चालू केला आणि ती मागच्या आवारात भांडी घासायला निघून गेली. दर रविवारी ती असंच करायची.

रामलाल खाटेवर सरळ बसला. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते, पण पाठ अजून ताठ होती. बोदलकसाच्या तलावाजवळच्या या गावात त्याने चाळीस वर्षं पोरांना लाठी शिकवली. शेवटची शिष्या त्याची नात, भूमेश्वरीची रिंकी. नागपूरला नर्सिंग शिकायला जाताना तिने कपड्यांच्या आधी लाठी बांधून घेतली होती.

जपानी चित्रकथांचा नाद तिला नागपुरात खोलीतल्या मैत्रिणीमुळे लागला. त्यातल्या एका कथेत कुराबे नावाचे म्हातारे गुरुजी होते. एका पायाने लंगडे, तापट, डोंगरावर एकटे राहणारे. एका अनाथ पोरीला ते काठी चालवायला शिकवायचे.

"आबाजी, जपानच्या मानसानं तुमचाच फोटो काढला जी!" रिंकी हसत म्हणाली होती. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता फोनवर नवा भाग वाचला जायचा. इकडच्या झाडीबोलीत उतरलेले कुराबे गुरुजी रामलालला आपल्याच गावचे वाटू लागले.

श्रावणात रामलालच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. गोंदियाच्या दवाखान्यात तो अठरा दिवस होता. त्या दिवसांत फोन आला नाही. घरी आल्यावर पुन्हा सुरू झाला. पोरीचा आवाज बसलेला होता. सर्दी झाली, असं ती म्हणाली. रामलालने मोबाईल कानाजवळ धरून तो आवाज नीट ऐकला. मग म्हणाला, "बरं, सांग. गुरुजींचं पुढं काय झालं?"

त्याआधी दर फोनवर तो एक प्रश्न हमखास विचारायचा, 'घरी कवा येतेस?' तो प्रश्न त्याने सोडून दिला. दिवाळीतही विचारला नाही.

"हं, बोल बेटी," तो आज म्हणाला.

"आबाजी, डोंगरावर बर्फ पडून राहिला आहे. गुरुजी पोरीला म्हणतात, डोळे बंद कर आणि माझा वार अडव."

"पाय कसा ठेवला तिनं?"

"उजवा समोर."

"चूक. डावा समोर, वजन मागच्या टाचेवर."

"डावा समोर," ती हळू म्हणाली. कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

मंगळवारी कैलाश आला. रिंकीच्या बरोबरीने आखाड्यात शिकलेला, आता चिचगडला वनरक्षक. त्याने उस्तादांचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"बस रे," रामलाल म्हणाला. "कुराबे गुरुजींचं आयकलं का? बर्फात शिकवून राहिले पोरीले."

कैलाश गोंधळला. रिंकीमुळे तोही ती कथा वाचायचा. "कुराबे? ते त कवाचेच मेले, उस्ताद. पावसाळ्यातच. मी सोता वाचलं."

भूमेश्वरी चहा घेऊन दारात उभी होती. तिने जोरजोरात हात हलवून कैलाशला थांबवलं.

"असं का," रामलाल म्हणाला आणि त्याने चहासाठी हात पुढे केला.

कैलाश गेल्यावर त्याने सुनेला हाक मारली. "भूमेश्वरी, फोनवर त्या पोरीले यातलं काही सांगू नको."

"नाई सांगत, मामाजी." तिचा आवाज फाटला. कप उचलून ती आत गेली.

पुढच्या रविवारी चारला फोन आला. कुराबे गुरुजींना ताप आला होता. पोरीने त्यांना पाठीवर घेऊन डोंगराखाली वैद्याकडे नेलं, आणि तिसऱ्या दिवशी गुरुजी उठून पेज मागू लागले. रामलालने सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"बेटी, एक विचारू?"

"विचारा ना आबाजी."

"कुराबे मेला ना?"

"कोणी सांगितलं?"

"कैलाशनं."

ती रडू लागली. "माफ करा आबाजी. तुमचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, धक्का लागू देऊ नका. मला दुसरं काही सुचलं नाही."

"मंग येवढे दिवस तू मनानंच सांगत होतीस?"

"हो. आठवडाभर लिहून काढते. जमत नाही मला तेवढं."

"जमते. चांगलं जमते." रामलालने मोबाईल दोन्ही हातांत धरला. "शनिवारपासूनच मी वाट पाहून राहतो. या आठवड्यात गुरुजी काय म्हनतीन, पोरगी काय शिकन."

"राग नाही आला तुम्हाला?"

"राग कायले येईल? दवाखान्यातून आलो तवा जगाचं मन नवतं माझं. तुझा फोन आला म्हनून जेवलो."

मागच्या आवारातला भांड्यांचा आवाज थांबला होता. भूमेश्वरी ओल्या हातांनी दाराशी येऊन उभी राहिली. रामलालने तिच्या चाहुलीकडे मान वळवली, हाताने तिला खाटेवर बसायची खूण केली. ती बसली. त्याने तिचा हात धरला.

"पुढच्या रविवारी फोन करजो," तो फोनमध्ये म्हणाला. "कुराबेले मारू नको."

"नाही मारणार, आबाजी."

"आन् आमची रिंकी देवाघरी गेली त्याले आता पाच महिने झाले, बेटी. आता तरी सांग, तुझं नाव काय?"