खरखर मोजणारी पट्टी

“यंत्र बिघडलंय तुमचं!” मी खेळाडूंची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमवर ओरडलो. माझ्या मुलीच्या पाठीवर चिकटवलेली त्यांची पट्टी एकशे तीन ताप दाखवत होती. पोर ट्रेडमिलवर चढून जेमतेम दोन मिनिटं झाली होती.

“या पट्टीतल्या तारेत विजेची बारीक खरखर असते. ऊब वाढली की तीही वाढते, आम्ही तीच मोजतो,” म्हणत मॅडमनी ट्रेडमिल बंद केली. “ताप खरा आहे.”

“सकाळीच थर्मामीटर लावायला दिला होता मी. अठ्ठ्याण्णव!” बाप मी, कोचही मीच. तिची धावण्याची राष्ट्रीय स्पर्धा आठवड्यावर आलेली.

मुलगी कठडा धरून धापा टाकत होती. “काखेत नव्हता, बाबा. टी-शर्टच्या वरून धरला होता.”

“अगं, मग सांगायचं ना! खाल्लं असतं का मी तुला?”

“पाचवीत असताना सांगितलं होतं, ताप आहे म्हणून. नंतर आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.”

मला ते आठवतही नव्हतं. तिचं कपाळ बघायला मी हात पुढे केला, तशी ती दचकली.

“धावते, बाबा,” ती घाईघाईने म्हणाली. “मॅडम, चालू करा ना.”