अप्पांचं ‘चालेल’

“चालेल,” अप्पा म्हणाले आणि चीजच्या चाकातून काढलेली पोकळ सळई त्यांनी फडक्याला पुसली. कारागीर उत्तमने पास झाल्याची खडूची फुली मारायला हात उचलला.

“अप्पा, ते नको.”

दारात हेमांगी उभी होती. खांद्याला बॅग, कपाळावर घाम. खडवलीला आईकडे राहून ती थेट कारखान्यात आली होती. उत्तमचा हात हवेतच राहिला. कोलशेतच्या या खोलीत अप्पांनी ‘चालेल’ म्हटल्यावर चाळीस वर्षांत कोणी तोंड उघडलं नव्हतं. आणि आज उघडलं ते त्यांच्या सुनेने, जी दिवसभर ऑफिसात बसून ऑर्डरींचे फोन घेत असे.

त्र्यंबक टेंभेकर, म्हणजेच अप्पा, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांचं कल्याणला दुधाचं दुकान होतं. उरलेल्या दुधाचं करायचं काय, एवढ्या एका प्रश्नातून अप्पांनी घरच्या स्वयंपाकघरात पहिलं चीज लावलं, पाट्याखाली दाबून. आज मुरवणीच्या खोलीत पोळपाटाएवढी चारशे चाकं फळ्यांवर मुरत पडलेली असत. बाहेर जाणारं प्रत्येक चाक अप्पा सळई खुपसून, सळईला लागलेल्या तुकड्याचा वास घेऊन पास करत. वेष्टणावर तसं छापलेलंच होतं, ‘अप्पांनी पारखलेलं’.

आणि अप्पांना चार वर्षांपासून कसलाच वास येत नव्हता. कोविडमध्ये गेला तो परत आलाच नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ते सळई नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे, मनातल्या मनात वडिलांचं नाव घ्यायचे आणि ‘चालेल’ म्हणायचे. खराब चाक चार वर्षांत निघालंच नव्हतं. कारागिरांचा हात सुधारला असेल, नाहीतर वडिलांची कृपा असेल. याहून जास्त विचार करायची त्यांना भीती वाटे.

“का नको?” अप्पांनी विचारलं. आवाज जरा चढलाच. बाहेर टेम्पो उभा होता, चाळीस चाकं गोव्याच्या हॉटेलांना जायची होती.

हेमांगीने चपला बाहेर काढल्या, हात धुतले, तारेची सुरी घेतली आणि चाक मधोमध कापलं. आत बोटभर भेग होती, कडेने करडी झालेली. उत्तम “आयला!” म्हणत मागे सरकला, बाही नाकावर दाबून. अप्पा मात्र त्या कापलेल्या चाकावर वाकून शांत उभे होते. एका क्षणाने त्यांच्या लक्षात आलं, आपणही मागे सरकायला हवं होतं.

“उत्तम, टेम्पोवाल्याला चहा द्या जरा,” हेमांगी म्हणाली.

उत्तम गेला. अप्पा स्टुलावर बसले.

“तुला कधी कळलं?”

“आपल्या सान्वीच्या बारशाला खीर करपली होती. घरभर वास झालेला. तुम्ही ओट्याशेजारी पेपर वाचत होतात.”

“म्हणजे तेव्हापासून…”

“पहाटे साडेपाचला येऊन जाते मी. बिघडलेलं असेल ते तुम्ही यायच्या आधी खालच्या फळीवर टाकते. आज यायला उशीर झाला.”

अप्पांना तिच्या नजरेला नजर देववेना. मग, राग की लाज ते त्यांचं त्यांनाच न कळून, ते म्हणाले, “दाखव मला.”

हेमांगी फळ्यांच्या मधून चालू लागली. हातात सळई नाही, काही नाही. पावलं मात्र अगदी हळू. “हे शुक्रवारपर्यंत थांबायला हवं.” चार पावलांवर पुन्हा थांबली. “याचं दूध मे महिन्याचं. तेव्हा हिरवा चारा नव्हता म्हशींना.” अप्पांनी उठून चाकाखालची चिठ्ठी पाहिली. सतरा मे. “ही दोन एकाच पातेल्यातली, पण हे भिंतीकडे होतं, याला हवा कमी लागलीय.” अप्पांनी त्याही चिठ्ठ्या पाहिल्या. पातेलं एकच. ती पुढे जात राहिली आणि म्हातारा माणूस चष्मा सावरत तिच्या मागे, एकेक चिठ्ठी वाचत. एकही चुकली नाही. ऐन उमेदीत, नाक शाबूत असतानाही, चाकाला भोक पाडल्याशिवाय त्यांना यातलं काही सांगता आलं नसतं. हे असं नाक माणसाला असू शकतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांच्याच घरात, रोज त्यांच्या पानात भाजी वाढत होतं.

उत्तम परत आला तेव्हा अप्पांनी खडूचा तुकडा त्याच्याकडून मागून घेतला आणि हेमांगीला दिला.

“गाडीत काय चढवायचं ते वहिनी सांगतील. उद्याही त्याच सांगतील.”

उत्तमने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मान हलवली.

चाळीस चाकांवर फुल्या पडल्या. टेम्पो भरायला माणसं आत-बाहेर करू लागली. अप्पा अजून तिच्याकडेच पाहत होते.

“चार वर्षांत एवढं शिकलीस तू!”

हेमांगी खडूचे हात झटकत म्हणाली, “चार नाही, अप्पा. लग्न होऊन आले तेव्हापासून बिघडलेली चाकं काढतेय. तुम्हाला वास येत होता तेव्हा एखादं तुमच्यासाठी ठेवायचे. हल्ली ठेवत नाही, इतकंच.”